बोरसे सरांचा हिरवा दिवा

बोरसे डॉक्टरांच्या शोकसभेला मी गेले, तेच चुकलं. धुळ्यातला तो हॉल, स्टेजवर हार घातलेला फोटो, फोटोपुढे उदबत्ती, आणि एकामागून एक उठून बोलणारी माणसं. कोणी म्हणालं शांत, कोणी म्हणालं संयमी, एकाने तर मृदुभाषी म्हटलं. मला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या शोकसभेत येऊन बसलो. बोरसे सर आणि मृदुभाषी! अख्खा वॉर्ड त्यांच्या आवाजाने दचकून उठायचा. मग आमच्या हॉस्पिटलचे जुने मॅनेजर देसले उठले. आता ते ट्रस्टी झालेत. "सरांनी आपल्या आयसीयूतल्या मशीनवर पोटच्या पोरासारखं प्रेम केलं," असं म्हणून त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. तिथे मी उठले आणि चहा न घेता बाहेर पडले. देसल्यांनी त्या मशीनचं नाव काढावं, हे मला सहन झालं नाही. का, ते सांगते.

मी त्या हॉस्पिटलात आयसीयूची सिस्टर होते. धर्मादाय ट्रस्टचं हॉस्पिटल, आणि आयसीयू म्हणजे चार खाटा, एक मॉनिटर आणि गळका एअर कंडिशनर. पंच्याऐंशीच्या सुमारास बोरसे सर मुंबईहून शिकून तिथे आले. दिसायला ते डॉक्टर वाटायचेच नाहीत. उंच, काटकुळे, ज्वारीच्या शेतात राखणीला उभं करावं असे. शर्टाच्या बाह्या कोपराच्या वर, पायात चामड्याच्या चपला आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. पहिल्या आठवड्यात मी त्यांना विचारलं, "सर, घड्याळ असं उलटं का?" तर म्हणाले, "छाती दाबताना तबकडी डोळ्यांसमोर राहते. तुम्ही पण घाला." मी घातलं. अजून तसंच घालते.

त्यांच्या तोंडी कायम एक वाक्य असे: "हात चालवा. रडायला आयुष्य पडलंय." नातेवाइकांना, सिस्टरना, वॉर्डबॉयला, सगळ्यांना हेच. एखादी बाई धाय मोकलून रडत असली तरी तिला हेच. लोकांना राग यायचा. मलाही यायचा.

शेतकरी माणसाला मात्र ते छान समजावत. आमच्याकडे अटॅक या एका शब्दात सगळं येतं. सर म्हणत, "अटॅक म्हणजे पाइप तुंबला. त्याला थोडा वेळ असतो. पण कधीकधी हृदयाची मोटरच बिघडते. एक फेज गेली की विहिरीवरची मोटर कशी करते? नुसती गुणगुणते, पाणी फेकत नाही. तसंच हृदय नुसतं थरथरतं. वरून दाबत राहिलं तर थोडं पाणी चालू राहतं, पण मोटर फिरवायला विजेचा झटकाच पाहिजे." ऐकणारा मान डोलवायचा. विहिरीवरची मोटर खानदेशात कोणाला समजत नाही?

आमच्या भागात माणूस अखेरचा वाटला की त्याला खाटेवरून खाली जमिनीवर घेतात आणि तोंडात तुळशीचं पाणी घालतात. सर म्हणायचे, "यातली पहिली रीत सोन्यासारखी आहे. जमीन टणक असते, छाती नीट दाबली जाते. दुसरी रीत माणूस मारते." एकदा शिंदखेड्याकडचा एक म्हातारा आमच्यासमोर बेशुद्ध पडला. त्याच्या मुलाने तांब्या काढलाच. सरांनी तो तांब्या हातातून हिसकावून भिंतीवर आपटला. मुलगा घाबरून म्हणाला, "डॉक्टर, मना बाप जित्ता शे का?"

"जित्ता शे," सर खेकसले, "पन तुम्ही त्याना तोंडमा पानी टाकशात ते मरी जाई!"

तो म्हातारा त्या दिवशी वाचला. मुलाने जाताना सरांना नमस्कार केला नाही. पाण्याचा तांब्या फेकला, याचा राग त्याच्या मनातून गेला नव्हता.

हे सगळं वेड कुठून आलं, ते सरांनी मला एकदाच सांगितलं. त्या दिवशी कोणीतरी एका पेशंटच्या नाकाला चप्पल लावली होती. मला वाटलं आता सर त्याला झोडपतील. पण ते बाहेर व्हरांड्यात जाऊन उभे राहिले. मी चहा घेऊन गेले, तेव्हा बोलले.

त्यांचं गाव नरडाण्याजवळ. वडील लवकर गेले, थोरल्या भावाने शेती करून यांना शिकवलं. मेडिकलच्या पहिल्या वर्षाला असताना सुट्टी संपवून सर परत निघाले, भाऊ स्टेशनवर सोडायला आला. फलाटावर बोलता बोलता भाऊ कोसळला. लोक जमले. कोणी म्हणालं मिरगी आली, कोणी कांदा फोडून हुंगवला, कोणी पायातली चप्पल काढली. "सिस्टर, ती चप्पल त्याच्या नाकाला मीच धरली होती," सर म्हणाले. "मला तेव्हा शरीरातल्या सगळ्या हाडांची नावं पाठ होती. कुठे दाबायचं ते ठाऊक नव्हतं."

भावाचं तेरावं झाल्यावर सरांनी शिक्षण सोडायचं ठरवलं होतं. वहिनीने त्यांची पेटी भरून दिली आणि म्हणाली, "तू जाय. बठ्ठा शिकी ये." सगळं शिकूनच परत ये, एवढंच तिचं म्हणणं. तिला मूल नव्हतं. पुढे शेती तिने सांभाळली आणि सरांना पैसे पाठवत राहिली. सरांनी लग्न केलं नाही. दर दसऱ्याला मात्र न चुकता तिच्याकडे जात. तिचा विषय निघाला की हा खेकसणारा माणूस एकदम धाकट्या दिरासारखा बोलायला लागे. "मी तिला शब्द दिलाय," म्हणाले. "झटका द्यायचं मशीन आणीन आणि ते माझ्या हाताशी असताना माणूस जाऊ देणार नाही."

मशीन नव्हतं तेव्हाची गोष्ट. एसटी स्टँडवर अमळनेरच्या गाडीचा कंडक्टर कोसळला आणि सर नेमके तिथे होते. त्यांनी त्याला फलाटावर उताणा केला, छातीवर मूठ मारली आणि दाबायला लागले. लोकांना वाटलं हा वेडा आहे. "मरेल माणूसले कसाले मारी ऱ्हायना रे?" मेलेल्याला कशाला मारतोस, असं ओरडत चौघांनी सरांना ओढून बाजूला काढलं. एकाने छत्रीने मारलं. कंडक्टर गेला. वर त्याच्या घरच्यांनी डॉक्टरने बरगड्या मोडल्याची तक्रार पोलिसांत दिली. बरगड्या मोडल्याच होत्या, नीट दाबलं की मोडतात. सरांच्या कपाळावर छत्रीची खूण कित्येक दिवस होती.

मी म्हटलं, आता तरी हा माणूस गप्प बसेल. तर पुढच्याच रविवारी सर जिनिंगमधून कापसाने भरलेलं एक पोतं घेऊन आले. त्यावर निळीने माणसाची छाती काढली आणि पोत्याला नाव दिलं धोंडू. त्या धोंडूला घेऊन ते एसटी डेपोत गेले, शाळांत गेले, कचेऱ्यांत गेले. ज्यांनी त्यांना ओढलं होतं, त्या हमालांनाही त्यांनी दाबायला लावलं. लोक हसायचे. "बोरसे डॉक्टरना धोंडू" ही गावात थट्टाच झाली होती. सर म्हणायचे, "हसा, पण दाबा. कोपर वाकवू नका."

मशीन आलं ते कपड्यांचे व्यापारी रतनशेठ यांच्यामुळे. त्यांचे वडील आमच्याच आयसीयूत, सरांच्या हाताखाली, मशीनवाचून गेले होते. शेठजींनी ते मनाला लावून घेतलं आणि वडिलांच्या नावाने झटक्याचं मशीन दिलं. माणूस चांगला, मी त्यांना दोष देत नाही. मशीन आलं त्या दिवशी सर पेढे घेऊन आले. सरांनी पेढे आणलेले मी तेवढ्या एकाच वेळी पाहिले.

पण देसल्यांनी ते मशीन काचेच्या कपाटात ठेवलं. वर देणगीदारांची संगमरवरी पाटी, कपाटाला कुलूप, आणि किल्ली देसल्यांच्या खिशात. महागाची वस्तू आहे, कोणीही हाताळायला नको, हे त्यांचं म्हणणं. सरांनी समजावलं, भांडण केलं, पण देसले ढिम्म. मग एका दुपारी जिनिंगमधला हिरामण नावाचा मजूर आला आणि खाटेवर टेकता टेकता त्याचं हृदय गुणगुणायला लागलं. देसले जेवून घरी झोपले होते. सरांनी ऑक्सिजनच्या सिलिंडरचा लोखंडी पाना उचलला आणि काच फोडली. मशीन काढलं, हिरामणच्या छातीवर मशीनच्या धातूच्या दोन्ही चकत्या ठेवल्या, "बाजूला व्हा" म्हणाले आणि झटका दिला. मॉनिटरवरची वेडीवाकडी रेघ थांबली, आणि मग एका ठेक्यात चालायला लागली. सरांच्या तळहाताला काच लागली होती आणि ते हसत होते.

दुसऱ्या दिवशी सरांना मेमो मिळाला, काच फोडल्याबद्दल. हिरामण जगल्याचा त्यात उल्लेख नव्हता.

एवढं मात्र झालं, की मशीन कपाटातून बाहेर आलं, ट्रॉलीवर, भिंतीतल्या प्लगला जोडून. ते बॅटरीवर चालायचं, भिंतीतली वीज फक्त बॅटरी भरायला. भरत असली की समोर एक छोटा हिरवा दिवा पेटलेला असे. बॅटरी पहिल्यापासून अशक्त होती, वायर काढली की थोड्याच वेळात मान टाकायची. सरांनी नवी मागितली होती. ट्रस्टची पुढची मीटिंग होईल तेव्हा बघू, असं देसल्यांचं उत्तर होतं. म्हणून रोज सकाळी आल्या आल्या सर आधी मशीनसमोर उभे राहत, दिवा बघत, चार्ज करून पाहत. याला ते सकाळची आरती म्हणत. कोणाशी बोलण्याआधी मला विचारत, "सिस्टर, दिवा पेटलाय का?"

त्यांनी थट्टेने म्हटलं, लोकांनी खरं केलं. हिरामण बरा झाल्यावर केळीचा घड घेऊन आला आणि त्याने पहिल्यांदा मशीनला कुंकू लावलं. मग येणारे-जाणारे हात जोडायला लागले. सर संतापायचे. हिरामणला म्हणाले, "पाया पडू नको रे बाबा त्याच्या, वायर तुटेल." आणि मला म्हणाले, "हे चांगलं लक्षण नाही. लोक ज्याला हात जोडतात, त्याला कामाला लावत नाहीत."

त्या वर्षी खंडेनवमीला मी अमळनेरला माहेरी होते, तेव्हाचं मला नंतर इतरांकडून कळलं. दुपारी सरांना गावाहून निरोप आला, वहिनीची छाती धडधडते, घाबरं होतं. सर हातातलं काम टाकून निघाले. संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये शस्त्रपूजा होती. दरवर्षी व्हायची, कात्र्या, चिमटे, सिलिंडरचे पाने मांडून. त्या वर्षी देसल्यांच्या मनात आलं की मुख्य पूजा मशीनची व्हावी. प्लग काढून मशीन मधल्या टेबलावर आणलं. चकत्यांना हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. त्या प्लगवर रोषणाईच्या दिव्यांची माळ लावली. शेठजींच्या नातवंडांना पडद्यावरची रेघ बघायची होती, म्हणून मशीन चालूच ठेवलं. पूजेतल्या हत्याराला त्या दिवशी विश्रांती द्यायची, दसऱ्याला उचलायचं, ही आपली रीत. कोणी हात लावला नाही. चालू ठेवल्यामुळे बॅटरी थोड्याच वेळात संपली, आणि रात्रभर ते हार घालून तसंच बसून राहिलं. सकाळी झाडूवाल्याने ट्रॉलीवर परत ठेवलं, इतकंच.

एरवी दसऱ्यालासुद्धा सर सकाळची आरती करून मगच गावी जात. त्या दिवशी ते गावातच होते. सकाळी वहिनीची नाडी पाहिल्यावर लगेच धुळ्याला चल म्हणत होते, आणि ती हटून बसली होती, "भाऊ, आज दसरा शे. मांडा तं खाई ले, मंग जाऊत." सरांनी उभ्या उभ्या पुरणाचा मांडा खाल्ला आणि तिला जीपमध्ये घालून आणलं. मी दुपारच्या ड्युटीवर नुकतीच आले होते. कपडे बदलून आत गेले तर वहिनी खाटेवर, लुगड्याचा पदर नीट करत, सरांकडे बोट दाखवून मला म्हणते, "बाई, हाऊ उगाच घाबरस." सर मॉनिटरच्या तारा लावत होते. इंजेक्शन सुरू केलं. नाडी फार वेगात होती, पण सरांचा चेहरा निवांत होता. आपण वेळेत पोहोचलो आणि मशीन हाताशी आहे, असंच त्यांना वाटत होतं.

आणि रेघ थरथरायला लागली. वहिनीचे डोळे वर गेले. सरांनी मूठ मारली, दाबायला लागले, आणि ओरडले, "मशीन!"

मी ट्रॉली ओढली. चकत्यांवर कुंकू सुकलं होतं. दिवा विझलेला. मी चार्जचं बटण दाबलं, परत दाबलं. काहीच नाही. प्लग शोधला तर तिथे दिव्यांची माळ, भर दुपारी लुकलुकत होती. ती उपटून मशीनचा प्लग लावला, पण रिकामी बॅटरी भरायला किती वेळ लागतो ते मलाही माहीत होतं आणि सरांनाही. सरांनी एकदा त्या झेंडूच्या हाराकडे पाहिलं. ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

ते दाबत राहिले. मी फुग्याने हवा देत होते, इंजेक्शनं देत होते. दुसरे डॉक्टर धावत आले, पण सरांनी कोणाला हात लावू दिला नाही. कोपर ताठ, घड्याळ डोळ्यांसमोर, आणि तोंडाने पुटपुटत होते, "ऊठ ना वहिनी. ऊठ." रेघ बारीक होत होत सपाट झाली, तरी दाबत होते. शेवटी थांबले. घामाने निथळत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सिस्टर, पाणी आणा. चमच्याने."

मला कळलंच नाही कशाला ते. पाणी आणलं. सरांनी ते स्वतःच्या हाताने वहिनीच्या तोंडात घातलं.

मग चौकशी झाली. देसले म्हणाले, पूजा करणं हा काही गुन्हा नाही, सकाळी मशीन तपासायची जबाबदारी डॉक्टरांची होती. सगळ्यांनी माना डोलवल्या. मी एकटी भांडले, तर मला म्हणाले, "सिस्टर, तुम्ही त्या दिवशी रजेवर होतात." सरांनी राजीनामा दिला आणि धुळं सोडलं. नवी बॅटरी त्यानंतर लगेच आली, मीटिंगसुद्धा लागली नाही. मला आजही हे लिहिताना डोक्यात तिडीक जाते.

सरांनी जळगावला मेहरूणमध्ये एका खोलीत दवाखाना टाकला. ताप, खोकला, खरूज. हृदयाचा पेशंट आला की चिठ्ठी लिहून दुसरीकडे पाठवत. मी एकदा भेटायला गेले होते. कोपऱ्यात धोंडू होता. त्यावरची निळीची छाती पुसट झाली होती आणि बाया पोरांना घेऊन त्यावर बसत होत्या. मी म्हटलं, "सर, वर्ग घेत नाही का आता?" तर म्हणाले, "बसायला बरा आहे." बाकी चहा होईपर्यंत आम्ही उन्हाळ्याबद्दल बोललो.

नव्वदच्या दशकातली अर्धी वर्षं उलटली असतील. बहिणीकडे जळगावला गेले असताना कळलं, सरांना अटॅक आलाय, मेहरूणच्या तलावाजवळच्याच एका खाजगी हॉस्पिटलात आहेत. संध्याकाळी गेले. नवं कोरं आयसीयू, पांढऱ्या टाइल्स, प्रत्येक खाटेशी मॉनिटर. सरांच्या उशाशी ट्रॉलीवर झटक्याचं मशीन होतं, आमच्यापेक्षा लहान आणि देखणं. सर खूप वाळले होते. घड्याळ काढून ठेवलेलं, मनगटाच्या आतल्या बाजूला त्याचा पांढरा पट्टा. मला ओळखलं. बसा म्हणाले नाहीत, कशा आहात विचारलं नाही. मान वळवता येत नव्हती, म्हणून छताकडे बघतच म्हणाले, "सिस्टर, दिवा पेटलाय का?"

मी वाकून पाहिलं. दिवा पेटलेला नव्हता. मशीनची वायर जमिनीवर पडलेली होती आणि प्लगमध्ये कोणीतरी डास पळवायचं मशीन लावलं होतं. तलावाजवळ डास फार. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून हसून मला म्हणाली, "मीच लावलं, काकांना पण चावत होते."

मी ते उपटलं, मशीनचा प्लग लावला. हिरवा दिवा आला.

"पेटलाय, सर," मी म्हटलं.

सरांनी मग विचारलं, "आधीपासून होता, की आत्ता पेटला?"

"आधीपासूनच होता."

"बरं," ते म्हणाले, आणि डोळे मिटले. डासांचं ते मशीन माझ्या मुठीत होतं, अजून गरम.